काशीचे सोन्याचे मांजर आणि परसातले उपाशी मांजर

मांजर हातून मेले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे आपल्या घरोघर लहानपणापासून सांगतात. त्या धाकाने मांजरावर काठी उगारतानाही आपला हात थबकतो. पण परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्याभोवती उंदीर माजले, की त्याच मांजराला उपाशी ठेवण्यात आपल्याला पाप दिसत नाही. ‘पोट भरले तर ते उंदीर कशाला मारील?’ हा त्यामागचा युक्तिवाद. गोमंतकातल्या चांगल्या देवभक्त घरांतूनही तो इतक्या वेळा कानी पडला आहे, की त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

हा युक्तिवाद मुळातच खोटा आहे. मांजराची शिकारीची ओढ केवळ भुकेवर अवलंबून नसते. भरल्या पोटीही ते दबा धरून बसते. उपाशी मांजर मात्र सोपे असेल ते उचलते, आणि खुराड्यापाशी सर्वांत सोपे भक्ष्य कोंबडीचे पिल्लूच असते. पिल्लू गेले की मांजर चोर ठरते! त्याला चोरीस कोणी लावले, हे कोणी विचारीत नाही.

बरे, त्याचा पराक्रम तरी केवढा? लहान उंदरे ते मारते, हे खरे. पण पुरा वाढलेला उंदीर उलटून चावतो, आणि घूस तर किलोभर वजनाची होते. तिच्या वाटेस शहाणे मांजर सहसा जात नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे टाकाऊ मालाच्या एका कारखान्यात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिले. शंभराहून अधिक उंदरांच्या त्या वसाहतीत मांजरांनी मारलेले उंदीर दिसले अवघे दोन! २०१८ साली हे प्रसिद्ध झाले. मांजरे हिंडू लागली की उंदीर उघड्यावर येईनासे होत, एवढेच. ‘मांजर आणल्यापासून उंदीर दिसत नाहीत’ हे म्हणणे म्हणूनच खरे असते. ‘उंदीर उरले नाहीत’ हे नव्हे.

कुत्र्याची गत निराळी. इंग्लंडात टेरियर जातीची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या याच कामासाठी जोपासली गेली. आपल्या दारचा कुत्रा घुशीच्या बिळामागे लागून खुराड्याचा पायाच उकरून ठेवतो. रात्री भुंकून तो राखण करतो, त्याचे उपकार मानावे आणि थांबावे.

याहून भयंकर म्हणजे मांजर पाळायचे आणि खुराड्यामागे झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडायोलोनही टाकायचे. विषाने झोकांड्या खाणारा उंदीर मांजराला आयताच सापडतो, आणि त्याच्या पोटातले विष मांजराच्या पोटात जाते. अशा मांजरासाठी कोणी काशीची वाट धरल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

‘उंदीर गणपतीचे वाहन, आपल्या हाताने कसा मारावा?’ असेही काही जण म्हणतात. मग मांजराकडून मारविला म्हणजे दोष मांजराचा काय? उंदीर येतो तो मुख्यतः दाण्यांसाठी. संध्याकाळी अंगणात उरलेली कणी झाडून घ्यावी, कोंड्याचे पोते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामे करावे, अंडी दिवसाउजेडी उचलावी, खुराड्याला खालूनसुद्धा अर्ध्या इंचाची तारेची जाळी ठोकावी. तीन आठवड्यांत नवी वीण घालणारा हा प्राणी अन्न तुटले तरच हटतो.

जाळीला पैसे पडतात, मांजर फुकट मिळते, हे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. ते देणाऱ्या गृहस्थांनी आज रात्री त्या फुकटच्या मांजरापुढे वाटीभर दूधभात ठेवावा, आणि मग सोनाराकडे सोन्याच्या मांजराचा भाव विचारावा.