‘बाजाराचा दस्तूर’ कुणाला बुडवतो?

‘बाजारात असेच चालते.’ कापडाच्या पेठेत हे वाक्य रोज ऐकू येते. थानावर २० मीटर लिहिलेले असते, मोजले तर अर्धा मीटर कमी भरते. विचारले की उत्तर हेच. दुकानदाराच्या तोंडी ते अर्ध्या मीटरपुरते असते. संस्थेच्या चालकाच्या तोंडी आले की शेकडो घरांची ठेव बुडते.

१९९२ चा रोखे घोटाळा आठवा. लोक म्हणतात, हर्षद मेहताने केला. पण एकट्याला ते जमले नसते. सरकारी रोख्यांचा व्यवहार बँकेने बँकेशी करायचा, चेक बँकेच्याच नावाने निघायचा. दस्तूर मात्र असा पडला होता की त्या चेकची रक्कम दलालाच्या खात्यात जमा व्हायची. रोखे हाती न घेता नुसत्या बँक पावतीवर कोट्यवधी रुपये दिले जायचे. नफा दिसत होता म्हणून वरचे साहेब विचारत नव्हते, आणि साहेब विचारत नाहीत म्हणून खालचा कारकून गप्प होता. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांनी तर रोखे नसताना पावत्या दिल्या. जानकीरामन समितीने हिशेब मांडला तेव्हा ४,००० कोटींहून अधिक रकमेचा मेळ लागेना. बँक ऑफ कराड त्यात अवसायनात निघाली.

मारुती उद्योगाच्या पैशांच्या खटल्यात ‘हा बाजाराचा रिवाजच होता’ असा बचाव झाला. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो मानला नाही. रिवाज चुकीचा असेल तर तो रूढ होता म्हणून त्याला मान्यता मिळत नाही, असेच न्यायालयाचे म्हणणे होते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्याही पतपेढ्या आहेत, विणकरांच्या सोसायट्या आहेत. चेअरमनने भाच्याला बिनतारण कर्ज दिले की आपण म्हणतो, ‘घरचाच माणूस आहे.’ हिशेब विचारणाऱ्याला ‘फितनाखोर’ म्हणून खाली बसवतो. चेअरमन एका दिवसात बिघडत नाही. आपली चुप्पी त्याला बिघडवते.

म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांनी येत्या वार्षिक सभेत दोनच गोष्टी मागाव्यात. संचालकांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जांची यादी सर्वांसमोर वाचली जावी, आणि प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळावे. मात्र सभेला जाण्याआधी आपल्या दुकानातले थान आपणच एकदा मोजून पाहावे.