दिव्यांग कार्डाचा फॉर्म भरताय? आधी शनिशिंगणापूरचं ॲप प्रकरण समजून घ्या

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नसतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. २०११ मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखाही उघडली. पण २०२५ मध्ये याच देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे गोळा केल्याचं प्रकरण थेट विधानसभेत गाजलं.

पूजेच्या ॲपवर फसलात तर पैसे जातात. दिव्यांग कार्डाच्या नावाने कोणी हीच युक्ती केली, तर आधार, वैद्यकीय कागद आणि बँक खातं असं सगळंच परक्या हातात जाईल. म्हणून आज यूडीआयडी कार्डाबद्दल.

हे कार्ड का लागतं?
२०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व येते. बऱ्याच योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिना दीड हजार मिळायचे, ते अडीच हजार करायचा निर्णय राज्याने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर 'निरामय' विमा योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो. ही दारं उघडतात ती दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर.

मग नियम कडक का झाले?
जुलै २०२४ मध्ये पूजा खेडकर प्रकरण गाजलं आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून दिलेल्या दिव्यांग प्रमाणपत्रांवर प्रश्न उभे राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलले. अर्जाला आधार जोडावं लागतं. कार्डाचे रंग तीन: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० मध्ये पिवळा, ८० च्या पुढे निळा. आणि प्रमाणपत्र द्यायची मुदत एका महिन्याची तीन महिने झाली.

माझं मत स्पष्ट आहे. तपासणी हवीच, पण तिची किंमत खऱ्या दिव्यांगाने मोजायची हे बरोबर नाही. अर्ज मोबाइलवर होतो, तपासणी मात्र डॉक्टरांसमोरच होते. शिंगणापूरहून जिल्ह्याचं ठिकाण साधारण ३५ किलोमीटर. व्हीलचेअरवरच्या माणसाला एक फेरी म्हणजे गाडीभाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. कागद कमी पडला की दुसरी फेरी. ॲप कितीही चांगलं केलं तरी हा खर्च कमी होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी तपासणी शिबिरं नियमित भरली, तरच तो कमी होईल.

तुम्ही काय करू शकता?
- अर्ज फक्त 'स्वावलंबनकार्ड डॉट जीओव्ही डॉट इन' या सरकारी साइटवरच भरा. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा.
- 'टक्केवारी वाढवून देतो' म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. टक्के डॉक्टर ठरवतात, एजंट नाही.
- आधारवरचं नाव आणि दवाखान्याच्या कागदावरचं नाव जुळतंय का, हे घरीच बघा.
- अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, म्हणजे पुढे स्थिती तपासता येते.
- पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

घरात स्मार्टफोन नीट वापरता येणारे बहुतेक वेळा तुम्हीच असता. शेजारच्या आजोबांचा किंवा मावशीच्या मुलाचा अर्ज राहिला असेल, तर या रविवारी अर्धा तास काढा.