ज्ञानकोशाच्या दारावरील हुज्जत

"ज्ञान सर्वांना खुले आहे" असे कोणी म्हटले म्हणजे आमच्या माणसाच्या मनात प्रथम शंकाच उभी राहते, आणि ती शंका अनुभवाची आहे. 'विकिपीडिया' नावाच्या ज्ञानकोशात कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, हे ऐकून आम्हीही हसलोच होतो. हा कोश २००१ साली इंग्रजीत निघाला व २००३ साली मराठीत आला. आम्ही मात्र त्याच्या दाराशी गेलो ते गेल्या पावसाळ्यात.

आमच्या तालुक्याच्या गावाचे पान उघडले. त्यावर देऊळ होते, बाजाराचा वार होता, साखर कारखाना होता. आमचे वडील ज्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झाले ते वसतिगृह नव्हते. आम्ही चार ओळी लिहिल्या आणि पदरचे धान्य घालून ते चालविणाऱ्या गृहस्थांचे नाव घातले. पंधरा मिनिटांत चारही ओळी नाहीशा झाल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेस आम्ही दोन शब्द रागाचेही जोडले. ते येथे छापण्याजोगे नाहीत.

मग चर्चापानावर एका सदस्याची चिठ्ठी आली. नाव टोपण, त्यावरून जात कळण्यास मार्ग नव्हता. आणि आम्ही ती शोधीत होतो, हे कबूल केले पाहिजे. मजकूर एवढाच: "संदर्भ द्या. आठवण हा संदर्भ नव्हे."

आमचे मित्र म्हणाले, "पाहिलेत? दार उघडे, पण पाणवठा त्यांचाच!" बंधुभगिनींनो, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. ज्या नियमाने आमचे वसतिगृह काढले, त्याच नियमाने एखाद्या पाटलाची बनावट वंशावळ निघते आणि एखाद्या बुवाचा चमत्कारही निघतो. आमच्या वडिलांचा शब्द पुरावा मानावयाचा, तर पोथी सांगणाऱ्याच्या वडिलांचा शब्द कोणत्या तोंडाने नाकारणार? परंपरेने चालत आले एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी मानू नये, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ते आम्ही विहारात ऐकतो, माना डोलावतो, आणि प्रसंग स्वतःवर आला म्हणजे "आमच्या वाडवडिलांनी सांगितले आहे" म्हणून हात आपटतो! हा जुन्या धर्माचा अवशेष नव्हे काय?

परंतु नियमाच्या कैवाऱ्यांनीही एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. छापील पुरावा मागता, तर छापखाने कोणाचे होते? १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने छापली नाही, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ज्यांची जाहिरात विकत छापली जात नव्हती त्यांच्या वसतिगृहाची बातमी कोण फुकट छापणार होते? प्रथम नोंद करावयाची नाही आणि मग नोंद नाही म्हणून मनुष्य उल्लेखनीय नाही असे ठरवावयाचे, ह्याला निःपक्षपातीपणा म्हणत नाहीत. हा केवळ आमचाच अनुभव आहे असेही नव्हे. कॅनडातील शास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड ह्यांच्यावरील इंग्रजी लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये संदर्भ अपुरे म्हणून परत केला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक मिळण्यापूर्वी त्यांचे संशोधन कमी मोलाचे होते काय?

ह्यावर उपाय सुचविला गेला नाही असेही नाही. अचल प्रभला ह्यांनी २०११ साली मल्याळम, हिंदी व आफ्रिकेतील सेपेडी ह्या भाषांत एक प्रयोग केला: जाणत्या माणसाचे बोलणे ध्वनिमुद्रित करावयाचे आणि तेच संदर्भ म्हणून जोडावयाचे. ती प्रथा सर्वमान्य झाली नाही. आम्हांस तो प्रयोग अर्धवट सोडल्यासारखा वाटतो. ध्वनिमुद्रण उलटतपासता येते, छापील खोटे तर वर्षानुवर्षे तपासल्यावाचून राहते. आणखी एक. नवागतांवर तुटून पडू नये असा ह्या कोशात लिखित संकेत आहे. तरीही इंग्रजी कोशातील लेखकांची संख्या २००७ नंतर घसरत गेली, आणि प्रामाणिक नवागतांचे लिखाण तडकाफडकी उलटविले जाणे हे त्याचे एक कारण असल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. संकेत पानावर आणि वागणूक वेगळी, हा प्रकार आम्हांस नवा नाही.

आम्ही जिल्हा ग्रंथालयात गेलो. तीन दिवसांच्या धुळीनंतर गॅझेटियरात वसतिगृहाचा अर्ध्या ओळीचा उल्लेख सापडला. तो जोडून आम्ही एकच ओळ लिहिली. ती कोणी काढली नाही. उलट त्या टोपण नावाच्या सदस्याने आमचे शुद्धलेखन सुधारले! आमच्या घरांतील लोखंडी ट्रंकांत पावत्या आहेत, परिषदांची हस्तपत्रके आहेत, 'जनते'चे फाटके अंक आहेत. घर रंगविताना आपण ते रद्दीवाल्यास किलोने देतो. त्या कागदांवरून कोणी लेख लिहिला, तो कोठे छापून आला, तर उद्या तोच संदर्भ होईल. हे काम दुसऱ्या कोणी करावे अशी वाट पाहण्यात आम्ही पुष्कळ वर्षे घालविली आहेत.

वसतिगृह चालविणाऱ्या त्या गृहस्थांचे नाव गॅझेटियरात नाही, म्हणून ते अद्याप लेखात नाही. चर्चापानावर मात्र आम्ही ते लिहून ठेवले आहे. शिवाय ह्या कोशात प्रत्येक पानाचा इतिहास राहतो; आम्ही तीनदा लिहिलेल्या आणि तीनदा काढलेल्या ओळी त्यात तारीख-वेळेसह आहेत, रागाच्या दोन शब्दांसकट.