पाठीवरचे ओझे

वजन भरलेली सॅक पाठीवर घेऊन चालण्याचा व्यायाम आपल्या वसतिगृहातील मोठ्या मुलामुलींना लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काही पालकांना ते रुचणार नाही, हे मी जाणतो. ज्यांच्या पूर्वजांनी महारकीत सरकारी अधिकाऱ्यांचे सामान गावोगाव वाहिले, त्यांना नातवंडाच्या पाठीवरील ओझे खुपणारच. त्या जोखडातून समाज सुटावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन विधेयक मांडले. परंतु त्या वेठीला ना माप होते, ना नकाराची मुभा. येथे दोन्ही असावीत.

चाळीस किलोच्या मुलाने दोन-तीन किलोंपासून प्रारंभ करावा. दप्तरालाही शासनाने शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांचीच मर्यादा घातली आहे. वजन दोन्ही खांद्यांवर, पाठीलगत असावे. धावू नये, गुडघा वा कंबर दुखताच सॅक उतरवावी. पाय, पाठ आणि दम एकाच वेळी घडतात, आणि खर्च काय, तर जुनी पुस्तके! सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्यांना तर असे चालणे पुढे चुकत नाही. मुलींना वगळण्याचे कारण मला दिसत नाही.

आठवड्यातून दोनदा, सकाळच्या वंदनेनंतर, दोन-तीन किलोमीटर एवढे पुरे.