भीती कुणाची, तिकीट कुणाचे?

'आम्ही लोकांच्या खऱ्याखुऱ्या भीतीला हात घालतो,' असा भयगृहे उभारणाऱ्यांचा ठेवणीतला युक्तिवाद असतो. त्यातला 'लोक' हा शब्द मला संशयास्पद वाटतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९०८ साली पेनहर्स्ट ही सरकारी संस्था सुरू झाली. बौद्धिक अपंगत्व असलेली मुले आणि प्रौढ तिथे ठेवले जात. कित्येकांचे उभे आयुष्य तिथेच सरले. १९६८ मध्ये बिल बाल्डिनी या वार्ताहराने आतील भीषण हाल दूरचित्रवाणीवर दाखवले. १९७७ मध्ये न्यायालयाने तिथली परिस्थिती घटनाबाह्य ठरवली. माणसांना बांधून ठेवणे, औषधांनी गुंगवणे हे तिथे नित्याचे होते. १९८७ मध्ये संस्था बंद पडली. आणि २०१० मध्ये त्याच आवारात, त्याच इमारतींत 'पेनहर्स्ट असायलम' नावाचे भयगृह तिकीट लावून सुरू झाले! अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांचा विरोध अर्थातच निष्फळ ठरला.

अंधार, अरुंद बोळ, अवचित आवाज यांविषयी माझी तक्रार नाही. ते कसब आहे. तक्रार आहे ती अदलाबदलीविषयी. त्या वास्तूत भ्यायलेला होता तो तिथला रहिवासी. खेळात मात्र तोच भिववणारा होतो आणि भिण्याचा हक्क तिकीटधारकाकडे जातो. 'वेड्या'ची ही भीती खरी असेलही. पण अशा माणसांना चार भिंतींआड लोटले ते याच भीतीने.

यावर वाङ्मयाचे अभ्यासक म्हणतील, गॉथिक कादंबरीने तरी दुसरे काय केले? 'जेन एअर'मधली (१८४७) माळ्यावर कोंडलेली बर्था आठवा. आक्षेप रास्त आहे. परंतु बर्था काल्पनिक होती, आणि तिची बाजू मांडायला १९६६ मध्ये जीन ऱ्हिस पुढे आली. पेनहर्स्टमधून सुटलेली काही माणसे तर हे भयगृह उघडले तेव्हा हयात होती. त्यांना कुणी संहिता लिहायला बोलावले असते तर?

त्यांच्या भीतीचे भयगृह कसे असेल, याची कल्पना करता येते. किंकाळ्या नाहीत, रक्त नाही. दार आतून उघडत नाही, हाक मारली तर कुणी येत नाही, आणि उद्याही असेच असणार हे ठाऊक असते. भयगृहाच्या रचनाकाराला हे जमणारे नाही, कारण त्याच्या प्रत्येक दालनात बाहेर पडण्याची वाट दाखवणारा दिवा लावावाच लागतो.