मनगटाला कळलेलं तांबं

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांडी दिसण्याआधी ठोक्यांचा आवाज ऐकू येतो. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. इथलं मठारकाम म्हणजे नुसती नक्षी नव्हे: तापवलेलं तांबं मऊ पडतं, मग हातोडीचे घाव ओळीने, एकमेकांना खेटून बसतात आणि पत्रा टणक होतो. एक घाव तिरका पडला, की तो चकाकत्या हंड्यावर जन्मभर दिसतो. हे मनगटाला कळावं लागतं. व्हिडिओ कितीही पाहा, ते येत नाही. म्हणून शाळांच्या सहली शनिवारवाड्यापाशी थांबू नयेत. शिक्षकांनो, कारागिरांना विचारून, रास्त मोबदला देऊन मुलांना आळीत न्या आणि एक वाटी त्यांच्याच हातांनी मठारू द्या.