वाऱ्यामागे पाऊस येईल का?

वैशाखात हवामान खात्याच्या दोन-तीन दिवसांच्या अंदाजात ‘मेघगर्जनेसह वादळ’ असे वाचले की उकाड्याने हैराण झालेल्यांना हायसे वाटते. उत्तराखंडात मात्र जीव टांगणीला लागतो. तिथल्या जंगलात पाइनच्या वाळक्या सुयांचा (पिरूल म्हणतात त्याला) थर साचलेला असतो, आणि त्यात राळ! पाऊस आला तर वणवा विझतो. नुसताच वारा सुटला तर डोंगरभर पसरतो. २०१६ साली हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली होती. मैदानातला वाराही साधा नव्हे. मे २०१८ मधल्या धुळीच्या वादळात उत्तर प्रदेश-राजस्थानात शंभराहून अधिक माणसे दगावली, बरीचशी घरे कोसळून. सुटीत नैनिताल-मसुरीला निघालेल्यांनी वाटेत विडीचे थोटूक टाकू नये, आणि गडगडाट ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्के घर गाठावे.